सही शुगरपुरती होती

हेस्बोन अग्वांडा शववाहिनी चालवायचा. नैरोबी, मोम्बासा, नाकुरू, माणूस कुठंही मरो, शेवटी त्याला आपल्या बापाच्या अंगणातच पुरायचं असतं. त्यामुळे हेस्बोनच्या गाडीला विसावा म्हणून नसे. किसुमूच्या शवागारातून पेटी उचलायची, मागच्या बाकांवर रडणारी माणसं बसवायची आणि तळ्याच्या कडेकडेनं उयोमाची वाट धरायची. बोंडोच्या पुढं रस्ता उखडलेला आहे. तिथं तो गाडी इतकी हळू घ्यायचा की मागची तरुण पोरं कुरकुरायची.

"अहो जादुओंग, म्हातारबुवा, मेलेल्याला घाई नसेल, पण जिवंत माणसाला भूक लागते!"

हेस्बोन वळूनही बघायचा नाही आणि वेगही वाढवायचा नाही.

पुढच्या सीटवर बसणारी माणसं ड्रायव्हरला गाडीचाच एक भाग समजतात. मयताची थोरली बायको आणि धाकटी बायको पेन्शनवरून त्याच्या कानाशी भांडत. एखादा मुलगा बापाच्या पेटीकडं पाठ करून कुणाला तरी फोनवर सांगे की सुटला एकदाचा. कुणाला कुठला रोग होता, कुणी कुणाच्या हातचं खाल्लं नव्हतं, सगळं हेस्बोनच्या कानावरून जाई आणि तिथंच राही. घरी आल्यावर त्याची बायको रोझेलिडा विचारायची, "आज काय झालं?" तो म्हणायचा, "रस्ता खराब होता." ती हसून ताट वाढायची. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला त्याच्याकडून एकाही मयताची गोष्ट ऐकायला मिळाली नाही.

मग तीच गेली. छातीत गाठ होती, कळायला उशीर झाला. तिला हेस्बोननं आपल्याच गाडीतून आणलं, आणि बोंडोच्या पुढं इतकं हळू चालवलं की त्या दिवशी मात्र मागून कुणी काही बोललं नाही. त्यानंतर घरात एकाच माणसापुरती मक्याच्या पिठाची उगाली रटरटायला लागली.

त्यांना मूल एकच. नाशोन. शेजारच्या घरांतून आठ-आठ, नऊ-नऊ पोरं असताना अग्वांडाच्या अंगणात एकटा नाशोन चेंडू भिंतीवर मारत असायचा. पोरगा गुणाचा निघाला, मोम्बासाच्या बंदरात क्रेन चालवायला लागला, बेरिल नावाची मुलगी करून आणली. आमच्याकडं बापाला त्याच्या मुलाच्या नावानं हाक मारतात. त्यामुळे तिशीपासून हेस्बोनला कुणी हेस्बोन म्हणत नसे. तो वुओन नाशोन, नाशोनचा बाप.

मुलगा संसारी झाला की बापानं त्याला जुन्या अंगणातून बाहेर काढून स्वतंत्र घर उभारून द्यायचं असतं. पहाटे बाप पुढं, मागं कोंबडा आणि कुऱ्हाड घेऊन मुलगा, त्याच्या मागं विस्तव घेऊन सून. बापानं जागा दाखवायची, पहिला खांब रोवायचा. हे झाल्याशिवाय मुलगा गावात कधी पुरता माणूस होत नाही. नाशोन दर रविवारी फोन करायचा आणि हेस्बोन म्हणायचा, "या डिसेंबरात नक्की. तुझी आई असती तर कधीच झालं असतं."

छपराचे पत्रे तेवढे घ्यायचे राहिले होते. म्हणून हेस्बोननं वाहनचालकांच्या पतसंस्थेत कर्जाचा अर्ज केला. संस्थेत तो पहिल्यापासूनचा सभासद. पण वयाची साठी उलटलेल्यांना कर्जाबरोबर विमा घ्यावा लागे आणि विम्याला डॉक्टरचा दाखला.

संस्थेत तोबियास नावाचा कारकून होता. केसाला तेल, गळ्यात टाय, बोलायला गोड.

"काही नाही हो, वुओन नाशोन. शुगर आणि बीपी, दोनच गोष्टी. इथं सही करा, दवाखान्यातून मी मागवून घेतो. तुम्ही कशाला खेटे घालता?"

हेस्बोननं चष्मा लावून वाचलं. शुगर आणि बीपी, दोनच लिहिलं होतं. त्यानं सही केली आणि तो बोंडोला एक शिक्षक पोचवायला निघून गेला.

तोबियासनं मिशनच्या दवाखान्यातल्या आपल्या ओळखीच्या माणसाला फोनवरून निरोप धाडला: फाईल पाठव. कुठली पानं, ते लिहिलं नाही. तिकडच्या माणसानंही विचारलं नाही. त्यानं जुनं पुठ्ठ्याचं फोल्डर उघडलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळ्याचे फोटो काढले आणि पाठवून दिले. तोबियासनं ते जसेच्या तसे कर्ज समितीच्या ग्रुपवर टाकले. सोबत हेस्बोनचा पत अहवालही टाकला, कुठल्या बँकेकडं कधी हात पसरला आणि कधी फेडलं याचा. तोही कुणी मागितला नव्हता. समितीतल्या सगळ्यांच्या खिशात हेस्बोनचं सारं आयुष्य एकाच दुपारी जाऊन बसलं. त्या समितीत हेस्बोनचा सावत्र भाऊ ओगोला होता.

हेस्बोनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्या शनिवारी तो एका म्हाताऱ्याला घेऊन कुठल्याशा वाडीवर गेला होता. माती झाली, जेवणं झाली, मग मांडवात न्यातितीवाला तारा छेडायला बसला. अशा वेळी तरुण पोरं वादकासमोर नाणं टाकून स्वतःची ऐट मिरवतात. मी अमक्या गावचा बैल, मी तमक्या बाईचा लाडका, असं काहीबाही. एक पोरगा उठला, नाणं टाकलं आणि ओरडला:

"थांबव रे तारा! मी तो, जो आपली गाडी आपणच चालवतो! किल्ली शेजाऱ्याला देत नाही!"

मांडव हसून कोसळला. बायका हाताआड तोंड लपवून हसल्या. सगळ्यांचे डोळे एकदम हेस्बोनकडं वळले. तो कोपऱ्यात मासा खात बसला होता. त्याला वाटलं, आपल्या शववाहिनीवरूनच चेष्टा चाललीय. तो सहसा हसत नसे, पण त्या दिवशी लोकांची मजा मोडू नये म्हणून तोही हसला. मोठ्यानं हसला. त्याला हसताना बघून लोक आणखीच हसले.

परत निघताना त्याच पोरानं गाडीचं दार बंद करून दिलं आणि म्हणाला, "सांभाळून जा, हेस्बोन."

हेस्बोन. नुसतं हेस्बोन. स्टिअरिंगवरचे हात जरा वेळ तसेच राहिले. मग त्यानं गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर ओगोला आला. स्टूल ओढून अंगणात बसला, चहा नको म्हणाला. चहा नको म्हणणारा पाहुणा काय घेऊन आलाय हे कळायला फार अक्कल लागत नाही.

"दादा, नाशोनचं घर डिसेंबरात म्हणतोस?"

"हो. तुलाच यायचंय सोबत. काका म्हणून."

"तेच बोलायचं होतं." ओगोला जमिनीकडं बघत होता. "जमीन आपल्या बापाची. बापाच्या रक्तात राहायला हवी, असं मला वाटतं. माझे चार आहेत. तू खांब रोवायच्या आधी मोठ्या माणसांपुढं बसू या."

"नाशोन कुणाच्या रक्ताचा आहे मग?"

ओगोलानं फोन काढला, एक फोटो बोटांनी मोठा केला आणि भावापुढं धरला. "हे तूच वाच. माझ्या तोंडून कशाला?"

पिवळं पडलेलं पान. वर हेस्बोनचं नाव, वय तीस. खाली मिशनच्या गोऱ्या म्हाताऱ्या डॉक्टरचं तिरकं अक्षर. हेस्बोननं ते पान एकदाच पाहिलं होतं, त्या डॉक्टरच्या टेबलावर, उलट्या बाजूनं. आता ते सुलट होतं, भावाच्या हातात होतं.

"कुणी दिलं तुला?"

"कुणी दिलं ते सोड. खोटं आहे का?"

हेस्बोन उठला. "चहा नको ना तुला? मग ऊठ."

ओगोला गेला. हेस्बोन अंगणात उभा राहिला. समोर रोझेलिडाची माती होती, तिच्यावर त्यानं लावलेलं फुलझाड होतं. त्याला पहिल्यांदा लाज वाटली ती स्वतःची नाही. वाटलं, तिला भर बाजारात कुणीतरी उघडं केलं, आणि आपण काल मांडवात हसत होतो.

गोष्ट अशी होती. पंधराव्या वर्षी हेस्बोनला गालगुंड झालं होतं आणि ते खाली वृषणांत उतरलं होतं. ताप गेला, सूज गेली, कुणी पुढं काही मनावर घेतलं नाही. लग्नानंतर सहा वर्षं पाळणा हलला नाही तेव्हा सगळ्या गावानं रोझेलिडाला नावं ठेवली. हेस्बोनच्या आईनं तर दुसरी मुलगीही बघून ठेवली. हेस्बोन कुणाला न सांगता मिशनच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरनं जे सांगितलं ते ऐकून तो गाडी घेऊन सरळ तळ्यावर गेला आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिला. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

"तू माहेरी जा. मी तुझ्या बापाकडं लग्नात दिलेल्या गाई परत मागणार नाही. दुसरा नवरा कर."

रोझेलिडा वाळवणातली ओमेना निवडत होती. तिनं त्या बारीक माशांतला खडा बाजूला टाकला, आणखी एक टाकला. मग म्हणाली, "मी मावशीकडं रुसिंगा बेटावर जाऊन येते. किती दिवस, विचारू नकोस. आणि आल्यावरही विचारू नकोस. जमेल?"

"जमेल."

ज्वारी कापणीला आली तेव्हा ती होडीनं परतली. हेस्बोन काठावर उभा होता. तिच्या डोक्यावरची टोपली त्यानं आपल्या डोक्यावर घेतली. पुरुषानं टोपली डोक्यावर घेतलेली बघून कोळणी खिदळल्या, पण त्यानं ती घरापर्यंत नेली. नाशोन झाला त्या रात्री त्यानं गावाला जेवण दिलं. आणि शब्द पाळला. कधीच विचारलं नाही. ती गेली त्या दिवशीसुद्धा नाही.

त्या दोघांत मिळून ते एकच गुपित होतं. ती गेल्यावर ते त्यानं एकट्यानं सांभाळलं होतं, जसे तिचे कपडे ट्रंकेत घडी करून ठेवले होते तसं.

पुढच्या रविवारी नाशोनचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. मग हेस्बोननंच लावला.

"हां, बाबा."

"बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"बेरिल?"

"तीही बरी आहे." मागं बंदरातला भोंगा वाजला. "बाबा, मला ओगोलाकाकाच्या मुलानं एक फोटो पाठवलाय."

हेस्बोननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी कामावर आहे. ठेवतो," नाशोन म्हणाला.

त्यानंतर हेस्बोन भाड्याला जायचा, पेटी उतरवायचा आणि जेवायला न थांबता परत फिरायचा. गाडीत पुढं बसणारी माणसं आता गप्प असत. याला किती कळतं आणि याचं आपल्याला किती कळलंय, याच हिशेबात असत. एकदा एका बाईनं कीव येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते त्याला टोमण्यापेक्षा जड गेलं.

एके दिवशी तो दवाखान्यात गेला. फायलींच्या खिडकीत तोच फोटो काढणारा माणूस बसला होता.

"तुम्हीच सही केलीत की, जादुओंग. आमच्याकडं कागद आहे."

"दाखव."

कागद आला. हेस्बोननं त्याच्यावर बोट ठेवलं. "मोठ्यानं वाच."

"शुगर… आणि बीपी."

"पुढं?"

"पुढं तुमची सही."

"सही शुगरपुरती होती, बाळा. तू माझ्या बायकोपर्यंत का गेलास?"

त्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. पण रांगेतली एक नर्स मात्र पुढं आली. हेस्बोनला बाजूला घेऊन म्हणाली, "इथं भांडून काही होणार नाही. किसुमूत सरकारी कार्यालय आहे, लोकांची खासगी माहिती कुणी कुणाला द्यायची त्याचा कायदा बघणारं. त्या कागदाची प्रत मागा, ती तुमच्या हक्काची आहे. आणि जा."

कार्यालय एका उंच इमारतीत होतं. तिथं म्वेंडे नावाची अधिकारी होती, कांबा मुलखातली, नाशोनपेक्षाही लहान. आमची लुओ भाषा तिला येत नव्हती, म्हणून दोघं स्वाहिलीत बोलले. किसुमूपर्यंतच्या सगळ्या वाटेवर हेस्बोननं एक खोटं तयार केलं होतं: ते पान दुसऱ्याच कुणाचं आहे, नाव चुकून माझं पडलंय. ते तो मनातल्या मनात घोकत आला होता.

त्यानं कागद पुढं ठेवले. तिनं सहीचा कागद नीट वाचला, समितीतल्या एकानं हेस्बोनला गुपचूप छापून दिलेले ग्रुपवरचे फोटो एका पाकिटात घातले आणि ते न वाचता पाकीट बंद केलं.

"वाचणार नाही?" हेस्बोननं विचारलं.

"मला एवढंच बघायचंय, काका, की हे दवाखान्याचं पान आहे, त्याच्यावर तुमचं नाव आहे, आणि हे द्यायला तुम्ही हो म्हटलं नव्हतं. आत काय लिहिलंय याच्याशी मला कर्तव्य नाही."

"पण ते विचारतील. खरं आहे की खोटं, असं."

"कुणीही विचारणार नाही. विचारलं तर मी विचारू देणार नाही. खरं असलं तरी ते तुमचं. संस्थेला फार तर डॉक्टरचं एक वाक्य हवं होतं, विम्याला चालेल की नाही. बाकी पान उलटायचासुद्धा त्यांना अधिकार नव्हता. पत अहवालाचंही तेच. परवानगी ज्या कामाला दिली त्या कामाबरोबर ती संपते."

हेस्बोननं घोकलेलं खोटं घशातच राहिलं. त्याची आता गरजच नव्हती. आणि ती गरज गेल्याबरोबर त्याला एकदम सगळं सांगावंसं वाटलं. तळ्याचा काठ, वाळवणातला खडा, डोक्यावरची टोपली. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि समोर ही पोरगी, आपल्या मुलखातली नाही, आपल्या नात्यातली नाही, शांतपणे ऐकून घेणारी.

"पोरी, ते असं झालं की माझी बायको—"

म्वेंडेनं हात वर केला. अगदी हळूच, आदरानं. "नको, काका. मी ऐकलं तर मला लिहावं लागेल, आणि लिहिलं की ते पुन्हा एका फायलीत जाईल. हे तुमच्या एखाद्या जवळच्या माणसाला सांगा. आहे ना कुणी?"

"आहे की," हेस्बोन म्हणाला. "पुष्कळ आहेत."

खाली येऊन तो गाडीत बसला. बराच वेळ किल्लीच फिरवली नाही.

चौकशी सुरू झाली तसं गावात वातावरण पालटलं. ज्यांच्या फोनमध्ये फोटो होते त्यांनी ते घाईघाईनं पुसले. "मी तर उघडलंच नव्हतं," प्रत्येक जण सांगायला लागला. तोबियासला संस्थेनं घरी बसवलं. तो एकदा टाय न लावता हेस्बोनकडं आला, दाराबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या लक्षातच आलं नाही हो. सगळ्यांचंच असं पाठवतो आम्ही."

"सगळ्यांचंच?" हेस्बोन म्हणाला. "मग किती घरांत जाऊन उभा राहणार आहेस?"

ओगोलानं मात्र हट्ट सोडला नाही. त्यानं मोठ्या माणसांची बैठक बोलावलीच. आंब्याच्या झाडाखाली सगळे जमले. हेस्बोन एका बाजूला एकटा बसला. त्यांची पेरेस आत्या, बापाची बहीण, नव्वदीची, दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. तिला दोघांनी धरून आणलं. ओगोलानं रक्ताचं, बापजाद्यांचं बरंच काही सांगितलं. कार्यालयाच्या भीतीनं फोटोचं नाव मात्र काढलं नाही. तो थांबला तशी आत्या म्हणाली:

"झालं? आता मला सांग, रोझेलिडाच्या बापाच्या दारात गाई कुणी नेऊन बांधल्या?"

"दादानं. पण आत्या—"

"नेताना एक लंगडी होती, ती मीच बदलायला लावली. गाई त्याच्या, बायको त्याची, तिच्या पोटचं पोर त्याचं. तुझ्या बापाच्या बापापासून हे असंच आहे. तुझ्या स्वतःच्या चौघांचं मी कधी काही विचारलं का रे?"

झाडाखाली खसखस पिकली. ओगोलाचं तोंड उतरलं. आत्या काठी आपटत म्हणाली, "जमिनीवर डोळा ठेवायचा तर उघड ठेव. बाईच्या अंगावरून कशाला जातोस? मला घरी न्या. ऊन लागतंय."

बैठक मोडली. कुणी कुणी हेस्बोनजवळ येऊन हात मिळवला, "वुओन नाशोन, सोडून द्या आता," म्हणाले. त्यानं मान हलवली. पण त्याच्या लक्षात आलं, आत्यासकट एकाही माणसानं म्हटलं नव्हतं की हे खोटं आहे. सगळ्यांनी ते खरं धरूनच त्याला माफ केलं होतं. त्यानं माफी मागितली नव्हती तरी.

निकाल काही आठवड्यांनी लागला. म्वेंडेनं फोन केला आणि मग कागदही आला. दवाखान्यानं आणि पतसंस्थेनं, दोघांनीही कायदा मोडला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्या पानात काय होतं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. भरपाई द्यायची, फोटो पुसल्याचं प्रत्येकानं लिहून द्यायचं, फायलींना कुलूप लावायचं, इथून पुढं संस्थेनं फक्त डॉक्टरचा दाखला मागायचा. अध्यक्ष सुटाबुटात माफी मागायला आले, सोड्याच्या बाटल्या घेऊन. हेस्बोननं त्यांना बसवलं, चहा दिला, माफीचा कागद घेतला. भरपाईत पत्रे आले. कर्जाची गरजच उरली नाही. लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं जिंकलं. इतर सभासद आता खिडकीवर सही करताना थांबून वाचायला लागले, हे हेस्बोनला बरं वाटलं.

त्यानं नाशोनला निरोप पाठवला: पत्रे आले आहेत. तू सांगशील तेव्हा.

डिसेंबरात नाशोन आणि बेरिल आले. नाशोननं बॅगा खाली ठेवल्या, आईच्या मातीपाशी जाऊन उभा राहिला. जेवताना तिघांनी फक्त रस्त्याबद्दल आणि बसच्या गर्दीबद्दल बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बापलेक घराच्या खांबांसाठी झाडं तोडायला गेले. नाशोननं एक झाड आडवं केलं, त्याच्यावर बसला, घाम पुसला.

"मला कधी सांगणार होतात?"

"कधीच नाही."

"कधीच नाही? हे माझं नाही का?"

"तुझं आहे. पण ते तुझ्या आईचंही होतं. तिनं मला विचारू नकोस म्हटलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. ती असती तर तिला विचारून तुला सांगितलं असतं."

"कोण होता तो?"

"ठाऊक नाही."

"बाबा—"

"खरंच ठाऊक नाही. ती होडीतून उतरली, मी टोपली घेतली. एवढंच."

नाशोननं कुऱ्हाडीची धार अंगठ्यानं चाचपली. "मी फोटो बघितला तेव्हा क्रेनवर होतो," तो म्हणाला. "वर, एकटा. खाली उतरून कुणाशी बोलावं ते सुचेना. तुम्हाला फोन लावणार होतो, कारण असं काही झालं की मी तुम्हालाच लावतो." त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "आणि मग लावता येईना."

हेस्बोनला त्याच्याजवळ जाऊन बसायचं होतं. पण पाय उचलला नाही. मुलाला आत्ता आपण जवळ हवे आहोत की नको, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळेना.

"उद्या पहाटे निघायचं का?" त्यानं विचारलं. "नको असेल तर तसं सांग. गाव काय म्हणेल ते मी बघतो."

"निघू," नाशोन म्हणाला.

पहाटे तिघं निघाले. हेस्बोन पुढं, मग कोंबडा काखेत आणि कुऱ्हाड खांद्यावर घेतलेला नाशोन, मग मडक्यात विस्तव घेऊन बेरिल. काकाची जागा रिकामीच होती. ओगोलाच्या घराचं दार बंद होतं, आतून रेडिओ ऐकू येत होता. एरवी अशा घराला अर्धं गाव मदतीला धावतं. त्या दिवशी चर्चमधले दोघं-चौघं आले, आणि काठी टेकत आत्या. तिला सावलीत बसवलं. हेस्बोननं जागा दाखवली, खड्डा खणला, पहिला खांब रोवला आणि भोवतीची माती पायानं दाबली. त्यानं वर पाहिलं तेव्हा नाशोन खांबाला दोन्ही हातांनी धरून उभा होता, सरळ राहावा म्हणून.

संध्याकाळपर्यंत पत्रे चढले. बेरिलनं नव्या चुलीवर उगाली केली. मुलाच्या घरात बापानं रात्र काढायची नसते, म्हणून अंगणातच दोन घास खाऊन हेस्बोन आपल्या घराकडं परतला.

नाशोन आणि बेरिल आठवडाभर राहून मोम्बासाला गेले. जाताना नाशोन त्याच्या पाया पडला नाही, मिठीही मारली नाही. हात मात्र बराच वेळ धरून ठेवला आणि "येतो, बाबा" म्हणाला. 'बाबा' म्हणण्याआधी तो किंचित थांबला. पूर्वी थांबत नसे. तो मुद्दाम थांबला होता असं नाही. ते हेस्बोनलाही कळत होतं. तरी त्यानं ते ऐकलं.

आता रविवारी फोन येतो. दर रविवारी नाही, पण येतो. नाशोन घराची चौकशी करतो. छप्पर गळतं का, कुंपणाला वाळवी लागली का, कुणाची गुरं शिरत नाहीत ना. हेस्बोन सगळं नीट सांगता यावं म्हणून आदल्या दिवशी जाऊन बघून येतो. कुंपणाबाहेरचं गवत कापतो, दाराला हात लावून कुलूप ओढून बघतो. दुसऱ्या कशाबद्दल बोलायचं झालं की दोघंही गप्प होतात आणि मग कुणीतरी म्हणतं, बरं, ठेवतो.

परवा किसुमूहून उयोमाला येताना पुढच्या सीटवर एक तरुण विधवा बसली होती. बोंडोच्या पुढं, उखडलेल्या रस्त्यावर, तिनं आपण होऊन बोलायला सुरुवात केली. नवरा कशानं गेला, सासरच्यांना काय सांगितलं, खरं काय होतं. ती बोलत गेली. हेस्बोननं तिला थांबवलं नाही. गाडी आणखी हळू घेतली. गाव आलं तेव्हा तिनं डोळे पुसले आणि घाबरून विचारलं, "तुम्ही कुणाला सांगणार नाही ना, जादुओंग?"

"नाही," तो म्हणाला. उतरून त्यानं तिच्यासाठी दार उघडलं. पेटी उतरली, रडारड सुरू झाली, आणि तो गाडी वळवून, न जेवताच, आपल्या घराच्या वाटेला लागला.